पाणी तपासणारे हात : एका दुर्लक्षित उमेदवारीचा इतिहास

भारतातील नागरी प्रशासनाचा इतिहास लिहिताना पाणीपुरवठ्याला एक ठरावीक जागा दिली जाते. तलाव कोणत्या साली बांधला, जलवाहिनी किती मैल लांबीची होती, खर्च किती आला आणि उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले, एवढे तपशील नोंदवून इतिहासकार पुढच्या विषयाकडे वळतो. बांधकामाचा हा इतिहास आवश्यक आहे, पण तो अपुरा आहे. जलशुद्धीकरण केंद्र एकदा बांधले की त्याचे काम संपत नाही, ते त्या दिवसापासून सुरू होते. तेथे दररोज, पाळीपाळीने, कोणीतरी नळाखाली बाटली धरतो, पाण्याचा गढूळपणा पाहतो, तुरटीची मात्रा ठरवतो, क्लोरीन मोजतो आणि वहीत एक आकडा लिहितो. हा माणूस काम कोठे शिकला, त्याला ते कोणी शिकवले, आणि 'आजचे पाणी पिण्यालायक नाही' असा आकडा त्याने लिहिला तर तो वाचणारा व त्यावर हुकूम काढणारा कोणी होता काय, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात.

प्रस्तुत लेखात या प्रश्नांचा थोडा मागोवा घ्यावयाचा आहे. या लेखाचे बहुतेक वाचक नोकरी-व्यवसायानिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणारे आहेत. दिल्ली, कोलकाता, चेन्नई ही शहरे त्यांच्या रोजच्या परिचयाची आहेत आणि या इतिहासातील महत्त्वाची प्रकरणेही याच शहरांत घडलेली आहेत. त्यांतील काही प्रकरणांशी मराठी माणसांचा आणि मराठी मुलखातील संस्थांचा जवळचा संबंध आहे, हेही ओघाने दिसून येईल.

वाळूची गाळणी

मुंबईला १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले. ते शहराबाहेरच्या संरक्षित तलावाचे पाणी असल्यामुळे ते गाळण्याची निकड त्या वेळी कोणाला भासली नाही. कोलकात्याला मात्र अशी सोय नव्हती. तेथे पाणी घ्यावयाचे ते हुगळी नदीचे, म्हणजे गाळाने भरलेले आणि काठावरच्या गावांची घाण वाहून आणणारे. म्हणून शहराच्या उत्तरेस पलटा येथे नदीचे पाणी वाळूतून गाळण्याचे केंद्र उभारले गेले आणि १८७० च्या सुमारास कोलकात्याला गाळलेले पाणी मिळू लागले. भारतातील आधुनिक जलशुद्धीकरणाची सुरुवात साधारणपणे येथून धरली जाते.

मंदगती वाळूची गाळणी ही रचना दिसायला अत्यंत साधी आहे. मोठ्या हौदात तळाशी दगडगोटे, त्यावर खडी, त्यावर बारीक वाळू, आणि वरून संथपणे सोडलेले पाणी. परंतु तिचे खरे काम वाळूच्या अगदी वरच्या, बोटाच्या पेराएवढ्या जाडीच्या भागात चालते. तेथे काही दिवसांत सूक्ष्म जीवांचा एक बुळबुळीत थर तयार होतो आणि रोगजंतू मुख्यतः त्या थरात अडकतात व नष्ट होतात. थर फार दाटला की पाणी झिरपेनासे होते. मग हौद रिकामा करून वरची वाळू हलक्या हाताने खरवडून काढावी लागते. खरवडल्यानंतर नवा थर धरेपर्यंतचे पाणी शहराला न देता सोडून द्यावयाचे असते.

हौद केव्हा रिकामा करावयाचा, किती वाळू काढावयाची आणि नवा थर धरला हे कशावरून ओळखायचे, हे निर्णय आराखड्यात लिहिलेले नसतात. ते पाण्याच्या पातळीवरून, वाळूच्या रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून घ्यावे लागतात. जुन्या कामगाराशेजारी उभे राहून नवा कामगार ते शिकतो. या क्षेत्रातील उमेदवारीचे हे मूळ रूप होय. तिला करार नव्हता, विद्यावेतन नव्हते, प्रमाणपत्र नव्हते. तिच्यातली सर्वांत अवघड शिकवण मात्र आजही बदललेली नाही. शहरातून पाण्याची मागणी होत असताना, वरून दबाव असताना, 'हे पाणी अजून द्यावयाचे नाही' असे म्हणून झडप बंद ठेवणे, ती ही शिकवण.

प्रयोगशाळा येते

गाळलेले पाणी स्वच्छ दिसते, पण ते निर्धोक आहे काय, हे डोळ्यांनी कळत नाही. या प्रश्नाला उत्तर देण्याचे साधन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाती आले. रॉबर्ट कोख हा जर्मन शास्त्रज्ञ कॉलऱ्याच्या शोधार्थ १८८३ च्या डिसेंबरात कोलकात्यास आला आणि १८८४ च्या आरंभी त्याला तेथील एका तलावाच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू आढळले. पुढे १८९२ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात कॉलऱ्याने हजारो माणसे दगावली. शेजारच्या आल्टोना गावात, जेथे त्याच एल्ब नदीचे पाणी वाळूतून गाळून दिले जात होते, साथ फारशी पसरली नाही. त्यानंतर जर्मनीत प्रत्येक गाळणीच्या पाण्याची जंतुतपासणी दररोज करण्याचा दंडक पडला. पाणी रोज तपासणे हे एक स्वतंत्र काम आहे, ही कल्पना अशी रुजली.

भारतात या दिशेने तुरळक पण मोलाचे काम झाले. आग्र्याच्या प्रयोगशाळेतील अर्नेस्ट हँकिन याने १८९६ साली गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात असे निरीक्षण प्रसिद्ध केले. साथीच्या वेळी विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा उपायही त्यानेच हिरिरीने पुढे मांडला. भारतातील लष्करी वैद्यकीय सेवेत असलेल्या नेसफील्ड नावाच्या अधिकाऱ्याने १९०३ साली क्लोरीन वायूने पाणी निर्जंतुक करण्याची पद्धत मांडली. मद्रासजवळ गिंडी येथे १८९९ साली किंग संस्था स्थापन झाली आणि त्या इलाख्यातील सार्वजनिक पाणीपुरवठ्याचे नमुने तपासण्याचे काम तिच्याकडे आले. मद्रास शहरासाठी किलपॉक येथे वाळूच्या गाळण्या १९१४ साली सुरू झाल्या.

येथे प्रशासनाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडली. पाणी शुद्ध करणारे केंद्र अभियंत्याच्या हाताखाली राहिले आणि पाणी तपासणारी प्रयोगशाळा आरोग्य खात्याकडे गेली. तत्त्वतः ही विभागणी योग्यच होती. जो पाणी तयार करतो त्यानेच ते चांगले असल्याचा दाखला द्यावा, हे कोणत्याही हिशेबतपासनिसाला रुचणार नाही. पण व्यवहारात त्यातून एक दरी निर्माण झाली. प्रयोगशाळेत पदवीधर विश्लेषक होता, पण तो केंद्रापासून दूर होता. केंद्रात रात्रंदिवस हजर असणारा माणूस होता, पण त्याला तपासणीचे शिक्षण नव्हते. या दोघांमधले अंतर बुजवण्यासाठी जो मनुष्य हवा होता, तो म्हणजे केंद्रातच राहून तपासणी शिकलेला उमेदवार. त्याची पद्धतशीर घडण करण्याकडे पुढची निदान पन्नास वर्षे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

नेल्लोरचे स्वच्छ पाणी

गिंडीच्या संस्थेतील एका संशोधनाचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्याच्या काही गावांत लोकांचे दात डागाळत, सांधे आखडत आणि पाठीचा कणा ताठ होऊन माणूस वाकेनासा होई. शॉर्ट, पंडित आणि राघवाचारी या तिघांनी १९३७ साली या विकाराचे कारण प्रसिद्ध केले. तेथील विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक होते. यांतील पंडित म्हणजे डॉ. चिंतामण गोविंद पंडित. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या धुरा वाहणाऱ्या पहिल्या संचालकांचे नाव तेच. महाराष्ट्राबाहेर राहून देशाच्या सार्वजनिक आरोग्याची पायाभरणी करणाऱ्या या मराठी शास्त्रज्ञाची आठवण आपल्याकडे कमीच निघते.

या विहिरींचे पाणी दिसायला निर्मळ होते. ते गढूळ नव्हते, त्याला वास नव्हता. नेहमीच्या तपासणीत त्यावर कोणी आक्षेप घेतला नसता, कारण त्या काळच्या नेहमीच्या तपासणीत फ्लोराइड नसे. असाच धडा पुढे बंगालमध्ये मिळाला. तलावांच्या दूषित पाण्यापासून लोकांना वाचवण्यासाठी खोदलेल्या कूपनलिकांच्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे १९८३ च्या सुमारास लक्षात आले, आणि तेही प्रथम पाणी तपासून लक्षात आले नाही. कोलकात्यातील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी रुग्णांच्या कातडीवरील डागांवरून ते ओळखले. तपासणीच्या यादीतील प्रत्येक घटकामागे अशी कोणाची तरी व्यथा असते. उमेदवाराला ही यादी पाठ करावयास सांगितली जाते. तिचा इतिहास सांगितला, तर तो ती अधिक काळजीने वापरील.

उमेदवार काय शिकतो

आज एखाद्या नगरपालिकेच्या केंद्रात शिकाऊ उमेदवार दाखल झाला तर त्याचा पहिला धडा बहुधा 'जार टेस्ट'चा असतो. एकसारखी सहा भांडी घेऊन प्रत्येकात एक लिटर कच्चे पाणी भरावयाचे आणि तुरटीच्या द्रावणाची वाढती मात्रा टाकावयाची. मग यंत्राने मिनिटभर वेगाने आणि नंतर पंधरा-वीस मिनिटे संथपणे ढवळावयाचे. पाणी स्थिर ठेवले की कोणत्या भांड्यात गाळाचे कण एकत्र येऊन नीट खाली बसतात ते दिसते. ज्या कमीत कमी मात्रेत हे साधते ती त्या दिवसाची मात्रा. पावसाळ्यात नदीला पूर आला की सकाळची मात्रा दुपारी चालत नाही. तुरटी कमी पडली तर गाळणी तुंबते आणि जास्त पडली तर पाण्यातील क्षारता खर्च होऊन ते आम्लधर्मी होऊ लागते. हा तोल पुस्तकातून समजतो, पण हाती येतो तो एक-दोन पावसाळे काढल्यावरच.

दुसरा धडा क्लोरीनचा. क्लोरीन टाकला म्हणजे काम झाले असे नव्हे. पाण्यातील घाण त्यातील काही भाग खाऊन टाकते. अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर जो शिल्लक राहतो तोच नळापर्यंत पाण्याचे रक्षण करतो. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाशी हा शेष क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा लागतो. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतीत ज्याला 'ओटी टेस्ट' म्हणतात तिच्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून येणारा पिवळा रंग पाहिला जातो. हे रसायन आरोग्यास घातक मानले गेल्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याच्या जागी गुलाबी रंग देणारी दुसरी चाचणी आली आहे. विहिरीत ब्लीचिंग पावडर, म्हणजे आपल्या गावाकडील 'टीसीएल', किती टाकावी हे ठरवण्यासाठी हॉरॉक्सची पेटी असते. तिच्यात सहा पांढरे पेले आणि एक काळा पेला असतो. काळ्या पेल्यातील पावडरीच्या द्रावणाचे थेंब पांढऱ्या पेल्यांत चढत्या क्रमाने टाकावयाचे आणि अर्ध्या तासाने दर्शक घालून निळा रंग पाहावयाचा. ज्या पहिल्या पेल्यात स्पष्ट निळा रंग दिसेल त्याच्या क्रमांकाला दोनाने गुणले की सुमारे ४५५ लिटर पाण्याला किती ग्रॅम पावडर लागेल ते कळते. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्या या पेटीवर शिकल्या आहेत.

तिसरा धडा नमुना घेण्याचा, आणि माझ्या मते हाच सर्वांत कठीण आहे. नळाचे तोंड ज्योतीने तापवावयाचे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावयाचे, निर्जंतुक बाटलीचे बूच आतून हात न लावता काढावयाचे. बाटली बर्फात ठेवून लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोचवावयाची. बाटलीत आधीच थोडे सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते घालावयाचे राहिले तर पाण्यातील क्लोरीन वाटेतही जंतू मारीत राहतो. मग नळाचे पाणी दूषित असूनही बाटलीतील पाणी शुद्ध ठरते. म्हणजे येथे हलगर्जीपणाचे फळ 'नापास' असे मिळत नाही, ते 'उत्तीर्ण' असे मिळते. प्रशासनाला सोयीची वाटणारी चूक ही सर्वांत धोकादायक चूक असते, हे या एका रसायनावरून कळते.

प्रयोगशाळेत हा नमुना मॅकॉन्की द्रवाच्या नळ्यांत घालून ३७ अंश तापमानावर ठेवतात. जंतू असतील तर द्रवाचा रंग पिवळा होतो आणि आत उलट्या ठेवलेल्या लहान नळीत वायूचा बुडबुडा धरतो. निकाल यावयास ४८ तासांपर्यंत वेळ लागतो. तोपर्यंत ते पाणी शहराने पिऊन टाकलेले असते. जंतुतपासणी ही नेहमी काल-परवाच्या पाण्याची साक्ष असते. आजच्या पाण्याचे रक्षण व्हावयाचे असेल तर ते केंद्रातल्या माणसाने तासातासाला पाहिलेल्या गढूळपणाने आणि शेष क्लोरीननेच होते.

दिल्ली, १९५५

या साऱ्या गोष्टींची कसोटी पाहणारा प्रसंग देशाच्या राजधानीतच आला. यमुनेच्या प्रवाहात बदल झाल्यामुळे १९५५ च्या नोव्हेंबरात नजफगड नाल्याचे सांडपाणी उलट दिशेने वझिराबाद येथील पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पोचले. केंद्रातील लोकांनी तुरटी व क्लोरीन यांची मात्रा वाढवली. त्यांना शिकवलेली गोष्ट त्यांनी केली आणि तिचा उपयोगही झाला, कारण शहरात विषमज्वराची किंवा हगवणीची मोठी साथ उसळली नाही. पण डिसेंबर आणि जानेवारीत दिल्लीत कावीळ पसरली. सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण विशेष होते.

जंतू मारणारी क्लोरीनची मात्रा विषाणूला पुरी पडली नव्हती. तो विषाणू कोणता, हे समजावयास आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली. १९८० साली अमेरिकेतील संशोधकांनी आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या साथीतील साठवून ठेवलेल्या रक्तद्रवाचीही तपासणी करून, हा तोवर माहीत असलेल्या 'अ' किंवा 'ब' प्रकारच्या काविळीचा विषाणू नव्हे, असे दाखवले. आज त्याला आपण 'ई' प्रकारचा विषाणू म्हणतो.

या घटनेचा विचार करताना केंद्रातील कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. नदीत सांडपाणी शिरल्यावर उपाय होता तो मात्रा वाढवण्याचा नव्हे, तर त्या जागेवरून पाणी उपसणे थांबवण्याचा. असा निर्णय पाळीवरचा माणूस एकट्याने घेऊ शकत नाही. त्याच्या हातात तुरटीची आणि क्लोरीनची चावी होती. नदीचा प्रवाह, नाल्याचे तोंड आणि शहराचा पुरवठा या गोष्टी निरनिराळ्या कार्यालयांच्या अधिकारात होत्या. कच्च्या पाण्यातील बदल प्रथम त्याच्या लक्षात येतो, आणि त्यावर निर्णय घेण्याची शक्ती त्याच्यापासून सर्वांत दूर असते.

कायदा आणि नोंदवही

स्वातंत्र्यानंतर पाणीपुरवठ्याचा राष्ट्रीय विचार सुरू झाला. पर्यावरणीय स्वच्छता समितीचा अहवाल १९४९ साली आला. राष्ट्रीय पाणीपुरवठा व स्वच्छता कार्यक्रम १९५४ साली सुरू झाला. नागपूर येथे १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था स्थापन झाली आणि १९७४ साली तिला 'नीरी' हे आजचे नाव मिळाले. या साऱ्यात प्रथम सोय झाली ती अभियंत्यांच्या आणि संशोधकांच्या शिक्षणाची.

केंद्रातील हातांसाठी कायद्याची चौकट आली ती १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाने. करार, मुदत, विद्यावेतन, परीक्षा आणि प्रमाणपत्र या गोष्टी प्रथमच देशभर एका सूत्रात बांधल्या गेल्या. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारकही त्यात आले. रासायनिक कारखान्यांसाठी आखलेले प्रयोगशाळा साहाय्यक आणि परिचालक हे व्यवसाय शिकलेली मुले जलशुद्धीकरणाकडेही वळू लागली. मात्र या कायद्यानुसार उमेदवार हा कामगार नव्हे, तो शिकणारा आहे. हेतू चांगलाच होता. त्याच्याकडून स्वस्तात कामगाराचे काम करून घेऊ नये, हा. पण त्याचा दुसरा परिणाम असा की, केंद्राच्या अधिकृत नोंदीत त्याच्या शब्दाला वजन उरत नाही.

याचे एक उदाहरण माझ्या सेवाकाळातले आहे. एका मध्यम आकाराच्या शहराचे केंद्र पाहण्याचा प्रसंग आला होता. राज्य महाराष्ट्र नव्हे, आणि शहराचे नाव येथे महत्त्वाचे नाही. तेथील अधिकृत वहीत शेष क्लोरीनचा आकडा अनेक महिने रोज ०.५ असाच होता. पावसाळ्यातही त्यात बदल नव्हता. त्याच टेबलावर एका शिकाऊ मुलाची स्वतःची नोंदवही होती. प्रशिक्षणाचा भाग म्हणून ती त्याने लिहावयाची होती. तिच्यात ०.५, ०.३, ०.१ असे आकडे होते आणि तीन दिवशी 'नाही' असा शब्द होता. चौकशी करता कळले की त्या तीन दिवशी क्लोरीनचे नळकांडे संपले होते आणि दुसरे यावयाचे होते. दोन वह्यांतील फरकाबद्दल विचारले तेव्हा पर्यवेक्षक सहजपणे म्हणाले, "साहेब, तो अजून शिकतो आहे ना!"

त्या वाक्यात लबाडी नव्हती. एका व्यवस्थेचे ते प्रामाणिक वर्णन होते. 'नाही' असा शब्द अधिकृत वहीत लिहिला तर खुलासा मागितला जाणार, आणि नळकांडे वेळेवर न पाठवणाऱ्याला कोणी विचारणार नाही, हे तेथील प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक होते. पुढे महिनाभर अधिकृत वही त्या मुलाच्या आकड्यांवरून भरावी असे ठरले. त्या महिन्याच्या आकड्यांच्या आधारावर राखीव नळकांड्यांसाठी तरतूद मागता आली आणि ती मंजूरही झाली. रोजचे ०.५ पाहून कोणत्याही वित्त विभागाने एक रुपयाही दिला नसता.

गावातील प्रयोगशाळा

शहरांत केंद्र तरी असते, खेड्यांत तेही नव्हते. फ्लोराइडयुक्त पाण्यासाठी 'नीरी'ने १९७० च्या दशकात नलगोंडा पद्धत विकसित केली. चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर हीच तिची सामग्री, म्हणजे प्रत्येक तालुक्याच्या बाजारात मिळणारी. पण पाण्याच्या क्षारतेप्रमाणे मात्रा ठरवणे आणि साचलेला गाळ काढणे हे रोज करणारा हात हवा. जेथे तो हात तयार झाला नाही किंवा टिकला नाही, तेथे ही संयंत्रे बंद पडली.

ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य आणि राव यांनी १९८२ साली एक सोपी चाचणी प्रसिद्ध केली. बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. तिच्यात पाणी भरून उबदार जागी ठेवावयाचे. विष्ठेशी संबंधित जंतू असतील तर पाणी काळे पडते. वीज नाही, सूक्ष्मदर्शक नाही, पदवी नाही, तरी गावातील कोणालाही उत्तर मिळते. या एका बाटलीमुळे तपासणी प्रयोगशाळेबाहेर पडली. फेब्रुवारी २००६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रत्येक ग्रामपंचायतीतील पाच व्यक्तींना प्रशिक्षण द्यावयाचे ठरले, आणि १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्यास शिकवण्याचे ठरले. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आहे आणि पाहणीनंतर गावाला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे.

पाणी भरण्याचे कष्ट ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या वाहिले त्यांच्या हाती पाणी तपासण्याचे साधन आले, ही लहान गोष्ट नाही. परंतु दोन दिवसांचे प्रशिक्षण म्हणजे उमेदवारी नव्हे. बाटली काळी पडली तर पुढे काय करावयाचे, कोणाला सांगावयाचे आणि त्याने किती दिवसांत उत्तर द्यावयाचे, हे त्या बाईला माहीत नसेल, तर काळी बाटली कपाटात जाईल आणि गाव तेच पाणी पीत राहील.

उरलेले काम

दिल्लीच्या साथीनंतर बरोबर साठ वर्षांनी, २०१५-१६ च्या हिवाळ्यात, सिमल्यात 'ई' प्रकारच्या काविळीची साथ आली. मल्याणा येथील सांडपाणी केंद्राचे पाणी अश्वनी खड्डच्या, म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या ओढ्याच्या, प्रवाहात मिसळत होते. विषाणूचे नाव आता माहीत होते, मानके छापलेली होती, प्रयोगशाळा होत्या. १९५५ साली जे ज्ञान नव्हते ते सारे उपलब्ध असूनही घटना तीच घडली. यावरून एवढे निश्चित म्हणता येते की उणीव केवळ ज्ञानाची नव्हती.

या इतिहासातून प्रशासनासाठी मला तीन गोष्टी निघताना दिसतात. पहिली, तपासणी करणाऱ्याचा निकाल केंद्राच्या प्रमुखाबरोबरच त्याच वेळी आरोग्य अधिकाऱ्याकडेही गेला पाहिजे. गिंडीच्या काळातील ती जुनी विभागणी तत्त्वतः बरोबर होती, आज फोनच्या साहाय्याने ती अंतर न ठेवता पाळता येते. दुसरी, वाईट आकडा लिहिणाऱ्याकडून खुलासा मागण्याची रीत बंद व्हावी आणि महिनोन्‌महिने एकच आकडा लिहिणाऱ्याकडून खुलासा मागण्याची रीत सुरू व्हावी. तिसरी, उमेदवाराच्या नोंदवहीला अधिकृत स्थान मिळावे आणि उमेदवारी संपल्यावर त्याला त्याच कामात राहता येईल अशी पदे निर्माण व्हावीत. दोन पावसाळे पाहिलेला मुलगा तिसऱ्या पावसाळ्यापूर्वी दुसऱ्या धंद्यात निघून गेला, तर त्याच्याबरोबर त्या नदीचे ज्ञानही जाते.

वाचकांपैकी जे ज्या शहरात आहेत त्यांनी तेथील पालिकेला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. आपल्या वस्तीतील नळाच्या पाण्यात गेल्या महिन्यात शेष क्लोरीन किती होता, आणि तो कोणी मोजला? उत्तरात रोज एकच आकडा आला तर पुन्हा विचारावे. आकडे कमीजास्त असतील, त्यांत एखाद-दुसरा 'नाही'ही असेल, आणि त्या दिवशी काय उपाय केला हेही सांगितले जाईल, तर त्या केंद्रात कोणीतरी काम नीट शिकलेला आहे आणि त्याचे ऐकणाराही कोणी आहे, असे खुशाल समजावे.